नवीन काम काढण्याआधी: यादी, आणि तिच्यातला शेवटचा रकाना

ही यादी छोट्या संस्थांसाठी आहे. काजू प्रक्रियेचा गाळा, आंब्याचं पॅकहाऊस, मच्छीमार सोसायटीचा बर्फ कारखाना, असं काही ना काही वेंगुर्ल्यापासून गुहागरपर्यंत दरवर्षी कुठेतरी उभं राहत असतं. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी वेगळी माणसं असतात. आपल्याकडे सचिव असतो; तोच बँकेत जातो, तोच वाळूवाल्याला फोन करतो, तोच सभेचं इतिवृत्त लिहितो. उदाहरण काजूच्या गाळ्याचं घेतो, कारण हल्ली तेच केलं. ठराव, तीन कोटेशनं, बँक खातं यावर वेळ घालवत नाही. तेवढं ज्यांना जमत नाही त्यांनी काम काढूच नये.

जमीन. सातबारा पाहिला म्हणजे जमीन पाहिली असं नव्हे. आपल्याकडे सातबाऱ्यावर आजोबा, त्यांचे भाऊ, भावांची मुलं, लग्न होऊन गेलेल्या आत्या असे सगळे असतात आणि त्यातले निम्मे मुंबईत. जागा देणारा सभासद कितीही सज्जन असो, सामाईक जमिनीवर त्याच्या एकट्याच्या सहीने एक चिराही ठेवू नका. सगळ्या हिस्सेदारांची नोंदवलेली संमती घ्या, नाहीतर आधी वाटप करून पोटहिस्सा वेगळा करा. ‘काका काही बोलणार नाहीत’ हा कागद होत नाही. काका खरंच काही बोलत नाहीत. त्यांचा नातू गणपतीला येतो, तो बोलतो. जुने फेरफार वाचा, इतर हक्कांत कुळाची नोंद आहे का पाहा. रस्त्याचंही तेच. दहा वर्षं टेम्पो जातोय एवढ्यावर रस्ता कागदावर येत नाही.

जागेवर दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन बघा. एका कोपऱ्यात जांभा (कोकणातला लाल दगड) लागला म्हणून चारही कोपऱ्यांत लागेल असं नाही. कोकण रेल्वेसारखं काम, १९९० साली महामंडळ झालं आणि जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर गाडी धावली, तेसुद्धा शेवटी रखडलं ते गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात, मऊ मातीपायी. आपला गाळा त्यापुढे काहीच नाही, पण खड्डा घ्यायला जेसीबीचा अर्धा दिवस पुरतो.

परवानग्या: बिनशेती, ग्रामपंचायत, अन्न परवाना, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, बॉयलर घेणार असाल तर बाष्पके संचालनालय. एकेका कागदाला किती दिवस लागतात हे कार्यालयात विचारू नका, तिथे नियमातले दिवस सांगतात. गेल्या वर्षी ज्याने गाळा टाकला त्याला विचारा.

आता उद्दिष्ट. हे लोक लिहीतच नाहीत, किंवा ‘गाळा बांधणे’ असं लिहितात. धोका व्यवस्थापनाचं आयएसओ ३१००० हे मानक २००९ साली आलं, २०१८ मध्ये सुधारलं. त्यात धोका म्हणजे अनिश्चिततेचा उद्दिष्टावर होणारा परिणाम, अशी व्याख्या आहे. उद्दिष्टच धड नसेल तर धोके कशावर मोजणार? आमचं लिहायला हवं होतं ते असं: मार्च ते मेमध्ये सभासदांकडून घेतलेली काजूची बी पावसाआधी कोरड्या छपराखाली, आणि जूनपासून कटिंग, म्हणजे बी फोडणं, सुरू. एवढं लिहिलं की कळतं, भिंतीचा गिलावा राहिला तरी चालेल, छप्पर राहून चालणार नाही.

मग धोक्यांची यादी करा. वहीत केली तरी चालते. ‘पाऊस’ असं नुसतं लिहू नका. पाऊस दरवर्षी येतो, त्यात धोका कसला? ‘फॅब्रिकेटरने (लोखंडी सांगाडा करून पत्रे चढवणाऱ्याने) दुसरं काम आधी धरल्यामुळे पत्रे वेळेत चढले नाहीत, तर मशिनरी आणि बी भिजेल’ असं लिहा. कशामुळे, काय होईल, त्याने काय बिघडेल. पुढे उपाय. पुढे जबाबदार माणूस, एकच, नावानिशी. ‘बांधकाम समिती’ हे माणसाचं नाव नाही.

आणि शेवटचा रकाना, ज्यासाठी हे सगळं लिहितोय: उपाय कोणत्या तारखेला सुरू करायचा. कट-ऑफ तारीख. आमच्या यादीत धोका होता, उपाय होता, जबाबदार म्हणून माझं नाव होतं. तारीख नव्हती.

सांगाडा उभा होता, पत्रे यायचे होते, ड्रायर आणि कटिंग मशिनं येऊन पडली होती, एका बाजूला बीची पोती लागली होती. उपाय म्हणून लिहिलेलं होतं, ‘मशिनरी शेजारच्या भातगिरणीत हलवणे’. फॅब्रिकेटर रोज ‘परवा पत्रे चढतात’ म्हणायचा. अध्यक्ष म्हणायचे, “दोन दिस बघूया रे, पाऊस खंय येता आत्ताच.” दोन दिवसांचे चार, चाराचे आठ. ते वर्ष २०२५ होतं. मान्सून २५ मेला कोकणात दाखल झाला, आणि वळवाच्या सरी त्याच्या आधीपासूनच सुरू होत्या. मग मी हायड्रावाल्याला (हायड्रा म्हणजे चाकांवरची क्रेन) फोन केला. तो रस्त्यापर्यंत आला, खाली उतरून लाल चिखलात पाय दाबून पाहिला आणि म्हणाला, हायड्रा रुतेल, रस्ता सुकला की बोलवा. ड्रायरच्या पॅनेलवर प्लास्टिक बांधलं होतं, तरी झाकण उघडल्यावर आत कॉन्टॅक्टरवर (विजेच्या स्विचवर) थेंब आणि तळाला तांबूस पाणी. पोत्यांची खालची रांग बुरशीला गेली.

नीट बघा काय झालं ते. उपाय चुकीचा नव्हता. पण त्या उपायालाही कोरडा रस्ता लागत होता, म्हणजे ज्या धोक्यासाठी तो ठेवला होता तो धोका आला की उपायही गेला. म्हणून कट-ऑफ तारीख ही धोका दिसायला लागण्याच्या आधीची असते. आभाळ भरून आलं की बघू, ही तारीख नव्हे.

तारीख काढायची कशी? उलटं मोजा. छप्पर नसेल तर मशिनरी कोणत्या दिवसानंतर उघड्यावर ठेवायची नाही ते आधी ठरवा. जूनचा पहिला आठवडा धरू नका. २०२० मध्ये ३ जूनला निसर्ग वादळ आलं, २०२१ मध्ये तौक्ते मेच्या मध्यावरच किनाऱ्याने गेलं, आणि २०२५ चं वर सांगितलं. मी १५ मे धरतो. आता उपायाला लागणारे दिवस: हायड्रा मिळायला तीन, भातगिरणीतली जागा रिकामी करायला दोन, वीजजोडणी सोडवायला एक, आणि वर तीन दिवस सैल. नऊ झाले. म्हणजे ६ मे. ६ मेच्या संध्याकाळी पत्रे चढलेले नसतील तर ७ मेला हायड्रावाल्याला आगाऊ रक्कम. फॅब्रिकेटर ‘परवा’ म्हणाला तरी. अध्यक्ष ‘दोन दिस’ म्हणाले तरी. हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो, तो जरूर बघा, पण तारीख अलीकडे आणायला. पलीकडे ढकलायला नाही.

नुसती तारीख लिहूनही भागत नाही, त्या दिवशी पैसे खर्च करायचा अधिकार हवा. संचालक मंडळाची सभा महिन्यातून एकदा, कोरम जमला तर. म्हणून काम सुरू करतानाच ठराव करून ठेवा: ‘६ मेपर्यंत पत्रे पूर्ण न चढल्यास सचिवांनी मशिनरी हलवावी, त्यासाठी ४०,००० रुपयांपर्यंत खर्चास आत्ताच मंजुरी, पुन्हा सभेची गरज नाही.’ ही भाषा थोडी आडमुठी वाटते. असू दे. मे महिन्यात आपण सगळे गोड बोलतो आणि कुणाला दुखवायला नको म्हणून थांबतो. जानेवारीत केलेला ठराव कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. मशिनरी हलवली आणि दुसऱ्या दिवशी पत्रे चढले तर लोक हसतील. हसू द्या, ४०,००० गेले. ड्रायर गेला तर किती जातात ते कंपनीला विचारून बघा.

प्रत्येक मोठ्या धोक्याला असाच रकाना भरा. महावितरणचा वाढीव भार १ एप्रिलपर्यंत मंजूर नसेल तर भाड्याच्या जनरेटरचं बुकिंग. बॉयलरची तपासणी अमुक तारखेपर्यंत झाली नाही तर तमुक. सगळ्यांत अवघड तारीख बीच्या खरेदीची. हंगामात घेतलेली बी पुढे वर्षभर फोडायची असते, म्हणजे भांडवल दोन-तीन महिन्यांत एकदम अडकतं. गाळा तयार नसताना तेवढीच खरेदी करत राहणं हा उघड धोका आहे, पण सभासद पोतं घेऊन दारात उभा असतो, त्याला नाही कोण म्हणणार? म्हणून ही तारीख सगळ्यांत आधी ठरवा आणि फेब्रुवारीतच सभासदांना सांगा: अमुक दिवशी छप्पर नसेल तर त्यानंतर निम्मीच खरेदी. दारात सांगायची वेळ आली तर कुणीच सांगत नाही.

वेळेचा अंदाज. कंत्राटदाराला एक आकडा विचाराल तर तो तुम्हाला आवडणारा आकडा देईल. तीन विचारा: सगळं सुरळीत गेलं तर, नेहमीसारखं गेलं तर, सगळं अडलं तर. पहिला, मधल्याची चौपट आणि शेवटचा यांची बेरीज करून सहाने भागा. ही पर्टची पद्धत, १९५८ च्या सुमाराला अमेरिकेच्या नौदलात पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या कामासाठी निघाली. फॅब्रिकेशनला वीस, तीस आणि सत्तर दिवस सांगितले तर उत्तर पस्तीस येतं. उत्तरापेक्षा तो सत्तरचा आकडा महत्त्वाचा. ‘सत्तर का?’ विचारा, म्हणजे कळेल की पत्रे कोल्हापूरहून येणार आहेत, वेल्डर एकच आहे आणि तो शिमग्याला गावी जाणार आहे. हे तुम्हाला तीसच्या आकड्यात कुणी सांगितलं नसतं. माणसांचंही धरा. मार्चनंतर आंब्याच्या बागेत मजुरी जास्त मिळते, तुमच्या स्लॅबवर कोण येणार?

एक बैठक अशी घ्या की काम सुरू झालेलं नाही, पण समजा पुढचे गणपती आलेत आणि गाळा फसलाय. का फसला? गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने ही पद्धत मांडली, प्री-मॉर्टेम म्हणतात. आपल्याकडे एक बदल करा: तोंडी विचारू नका, चिठ्ठ्या लिहून घ्या. अध्यक्षांसमोर कुणी बोलत नाही, आणि बोललंच तर ‘अशुभ कशाला बोलता’ म्हणून गप्प केलं जातं. चिठ्ठीत मात्र सगळं येतं, अगदी ‘ज्याला काम दिलंय तो कोणाचा पाहुणा’ इथपर्यंत. नावं विचारू नका. चिठ्ठ्यांतून आलेलं यादीत घाला, आणि हो, शेवटच्या रकान्यासकट.

करार: पैसे दिवसांवर नाही, टप्प्यांवर. पाया, सांगाडा, पत्रे. शेवटचे काही टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा, गळती कोकणात पहिल्या झडीशिवाय कळत नाही. बदल लेखीच. ‘जरा इथे एक खिडकी काढा’ यात दिवस आणि पैसे दोन्ही असतात, आणि ते सांगणारा संचालक नंतर आठवत नाही.

पैसा: जीएसटी धरून आकडा लावा. वर अडीअडचणीची वेगळी रक्कम ठेवा आणि ती कशासाठी वापरायची हे लिहा, नाहीतर ती फरशीत जाते. सबसिडी रोख समजू नका. पीएमएफएमईसारख्या (छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या) योजनेत ३५ टक्के मिळतात खरे, पण ते कर्जाशी जोडलेले असतात, कंत्राटदाराच्या बिलाच्या दिवशी हातात नसतात. विमा काम सुरू होतानाच काढा, उघड्यावरची मशिनरी आणि साठा त्यात बसतो का ते वाचून.

आठवड्याची बैठक अर्धा तास, जागेवर, उभ्याने. एकच वही. त्यात पहिला प्रश्न ‘काम किती झालं’ हा नको, ‘पुढच्या पंधरा दिवसांत कोणती कट-ऑफ येतेय’ हा असू दे. तारीख पुढे ढकलायची असेल तर कारण लिहून आणि सही करून ढकला. तोंडी ढकललेली तारीख ढकललेली नाही, ती पुसलेली आहे.

मशिनरी आल्यावर चाचणी थोड्या बीवर घ्या, पूर्ण पोत्यांवर नाही. बायकांना कटिंगचं प्रशिक्षण गाळा तयार व्हायच्या आधी, दुसऱ्या युनिटमध्ये पाठवून. सुटे भाग, वॉरंटी कार्डं, वायरिंगचा नकाशा एका फाइलमध्ये. उद्घाटनाला पाहुणे बोलवायची तारीख बाकीच्या तारखा ठरवू लागली तर पाहुणे रद्द करा. काम संपल्यावर अंदाजाचे दिवस आणि खरे दिवस शेजारी-शेजारी लिहून ठेवा, प्रत्येक टप्प्याचे, आणि कोणती कट-ऑफ पाळली, कोणती नाही तेही. हे गणपतीच्या आत उरका, नंतर भजनं सुरू होतात आणि वही कुणी उघडत नाही.