दाण्याचं कूट, धुराडं आणि लीजचा कागद

"ताई, जागा मिळाली! चालू टेकअवे आहे, फ्रिज, तंदूर सगळं आतच. उद्या टोकन देतोय." इंग्लंडात खाण्याचं दुकान काढायला निघालेल्या आपल्या कुणा ना कुणाचा असा फोन मला वर्षातून दोनतीनदा येतो. मी दर वेळी एकच सांगते, टोकन परवा दे, आधी धुराड्याचा कागद बघ.

हे शहाणपण मी पैसे मोजून घेतलंय. लंडनच्या वायव्येला आम्ही चालता धंदा विकत घेतला तेव्हा मागच्या भिंतीवर स्वयंपाकाचा धूर आणि वास बाहेर काढणारा जाडजूड एक्स्ट्रॅक्शनचा पाइप, म्हणजे धुराडं, होतं. इतकी वर्षं आहे म्हणजे परवानगी असणारच, असं आम्ही धरून चाललो. नव्हती. पाइप संपत होता वरच्या फ्लॅटच्या खिडकीपाशी. आधीचा मालक नुसते चिप्स तळायचा, आम्ही लसणाची फोडणी घातली आणि आठवड्यात कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या पालिकेकडे, तक्रार गेली. पाइप छपरापर्यंत न्यायला परवानगी आणि काम मिळून सात आठवडे शटर खाली, भाडं मात्र चालूच.

कौन्सिलच्या वेबसाइटवर पत्ता टाकला की त्या जागेचा प्लॅनिंगचा, म्हणजे बांधकामाच्या आणि वापराच्या परवानग्यांचा, इतिहास फुकट दिसतो. आम्ही तो पाहिलाच नव्हता. इंग्लंडात १ सप्टेंबर २०२० पासून दुकान, ऑफिस, कॅफे, रेस्टॉरंट हे सगळं 'क्लास ई' या एकाच वर्गात आलं, त्यामुळे कपड्यांच्या दुकानाचं रेस्टॉरंट करणं सोपं झालंय. पण गरम टेकअवे त्या वर्गात नाही, आणि बाहेरून जाणाऱ्या पाइपाची परवानगी वेगळीच. एजंट यातलं पहिलं वाक्य सांगतो, दुसरं गिळतो. (वेल्स आणि स्कॉटलंडचे नियम निराळे आहेत, मी इंग्लंडपुरतंच बोलतेय.)

मग लीज, म्हणजे भाडेकरार. १९५४ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्यात भाडेकरूला मुदत संपल्यावर नवं लीज मागायचा हक्क आहे, पण लीजमध्ये 'कॉन्ट्रॅक्टेड आउट' (हा हक्क सोडला) असे दोन शब्द असले की तो गेला. हक्क असूनही जागेचं नूतनीकरण करायचंय म्हणून मालक नकार देऊ शकतो. लंडनच्या रीजेंट स्ट्रीटवरच्या १९२६ सालच्या वीरस्वामी या भारतीय रेस्टॉरंटलाही २०२५ मध्ये लीजसाठी कोर्टात जावं लागलं, तिथे आपली काय कथा! 'फुल रिपेअरिंग' लिहिलं असेल तर सगळी दुरुस्ती भाडेकरूची, म्हणजे गळकं छप्पर तुमचं, म्हणून सही करण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून लीजला जोडून घ्या. आणि लिमिटेड कंपनी केली म्हणून निर्धास्त राहू नका, पर्सनल गॅरंटीवर सही केलीत की राहतं घर पणाला लागलं. यासाठी सॉलिसिटर (वकील) व्यावसायिक जागांचं काम करणारा हवा. घर घेताना किंवा व्हिसाला उपयोगी पडलेला चालत नाही, आणि विकणाऱ्याचा तर नाहीच.

चालू धंदा घेतलात तर २००६ च्या 'ट्यूपे' नियमांनी कामगारही त्यांच्या जुन्या नोकरीच्या वर्षांसकट तुमच्याकडे येतात. आम्हाला अकरा वर्षं नोकरी झालेला आचारी असाच मिळाला. गडी भला निघाला, हे आमचं नशीब.

माणसं ठेवताना "मंडळातल्या ओळखीचा मुलगा आहे" हा पुरावा नाही. कामाच्या पहिल्या दिवसाआधी त्याचा शेअर कोड (सरकारी साइटवर व्हिसा तपासायचा आकडा) घेऊन त्याला काम करायची परवानगी आहे का ते ऑनलाइन तपासा. १३ फेब्रुवारी २०२४ पासून पहिल्याच चुकीला माणशी ४५,००० पौंडांपर्यंत दंड आहे. डिग्रीच्या विद्यार्थ्याला टर्ममध्ये आठवड्याला २० तासच काम करता येतं आणि स्वतःचा धंदा अजिबात नाही, म्हणजे स्टुडंट व्हिसावर रूममधून डबे विकणंही नाही. कोल्हापूरहून आचारी आणायचा बेत असेल तर सोडून द्या, जुलै २०२५ पासून शेफसाठी नवा स्किल्ड वर्कर व्हिसा मिळत नाही.

नोंदणीला मात्र उगाच घाबरतात लोक. खाण्याचा धंदा सुरू करायच्या २८ दिवस आधी कौन्सिलकडे त्याची नोंद करायची, ती फुकट असते आणि नाकारली जात नाही. घरून डबे देणाऱ्यांनाही ती लागते.

आता आपल्या स्वयंपाकाची खरी गोम. इथे चौदा अ‍ॅलर्जन, म्हणजे अ‍ॅलर्जी करणारे पदार्थ, ठरलेले आहेत आणि त्यात शेंगदाणा, तीळ, मोहरी, गहू सगळे हजर. आपली भरली वांगी, साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, कूट कशात नाही? पहिल्या तपासणीला आलेल्या बाईंनी सगळं शांतपणे पाहिलं, मग हिंगाची डबी उचलली, उलटी केली आणि बारीक अक्षरातल्या एका शब्दावर बोट ठेवलं: गव्हाचं पीठ. आमच्या मेनूवर पिठल्यासमोर 'ग्लुटेन नाही' असं ठसठशीत छापलेलं होतं! त्या रात्री सगळे मसाले ओट्यावर मांडून मी प्रत्येक लेबल वाचलं. आता भिंतीवर तक्ता आहे आणि कुटाला लाल झाकणाचा डबा, स्वतःचा चमचा, वेगळं फडताळ. जाच वाटतो खरा. पण यॉर्कशरमधल्या एका करी रेस्टॉरंटच्या मालकाने बदाम पावडरऐवजी स्वस्तातली, शेंगदाणा असलेली पावडर वापरली, ग्राहक दगावला आणि २०१६ मध्ये मालकाला सहा वर्षांची शिक्षा झाली. काउंटरवर शंकरपाळ्यांची पुडी आधीच बांधून ठेवत असाल तर ऑक्टोबर २०२१ पासून तिच्यावर पूर्ण घटकांचं लेबलही लागतं.

फ्रिज ८ अंशांच्या वर नको, गरम ठेवलेलं ६३ च्या खाली नको. भाताचं पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवायची सवय भारतातच सोडून या. फूड स्टँडर्ड्स एजन्सी या सरकारी अन्नसुरक्षा खात्याची भारतीय जेवणासाठी वेगळी वही आहे, ती रोज भरा. तपासणीनंतर दुकानाला स्वच्छतेचं रेटिंग देताना स्वच्छतेइतकंच कागदपत्रांकडेही बघतात.

बाकीचं भराभर. दारूला जागेचा आणि माणसाचा असे दोन परवाने. रात्री ११ ते पहाटे ५ गरम काही विकायचं, अगदी चहासुद्धा, तरी परवाना. टिप्स १ ऑक्टोबर २०२४ पासून पूर्णपणे कामगारांच्या. व्हॅटची (विक्रीवरच्या कराची) मर्यादा ९०,००० पौंडांची विक्री, पण ती आर्थिक वर्षाची नाही, कुठल्याही सलग बारा महिन्यांची, आणि ती ओलांडल्यावर गरम वडापाववर २० टक्के. दर किती ठेवायचे ते हे धरूनच ठरवा.

मला विचारायचं असेल तर सोमवारी या, त्या दिवशी दुकान बंद असतं. लीजचा मसुदा छापून आणा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोंत नेमकं गॅरंटीचं पान धूसर आलेलं असतं.