आधी वजन, मग दाब: अंगातला ताण हातानं सोडवताना

माझ्या टेबलावर झोपणाऱ्या बहुतेकांची पहिली सूचना ठरलेली असते: "इथे जोरात दाबा." 'इथे' म्हणजे मान आणि खांदा यांच्या मधला तो फुगीर भाग. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझा दिवस लोकांच्या पाठी, माना आणि खांदे हाताळण्यात जातो, आणि ही सूचना मी सहसा ऐकून न ऐकल्यासारखी करते. आखडलेल्या स्नायूवर एकदम जोर टाकला की तो स्वतःला वाचवायला आणखी आवळतो. करून घेणारा दात-ओठ खात सहन करतो, करणाऱ्याचे अंगठे दुखायला लागतात आणि दुसऱ्या दिवशी खांदा होता तिथेच असतो.

खाली सांगते ते दोघांना घरी करता येईल: एकानं झोपायचं, दुसऱ्यानं हात लावायचे. थेरपिस्टकडे जाणार असाल तरी वाचा, म्हणजे तिथे काय चांगलं चाललंय आणि काय नाही, ते ओळखता येईल.

अंगात ताण 'साठतो' असं आपण म्हणतो, पण स्नायूत तसा कुठला पदार्थ साचून बसलेला नसतो. मालीश केल्यानं 'टॉक्सिन' बाहेर पडतात, लॅक्टिक ॲसिड निघून जातं, हे मी माझ्याच व्यवसायातल्या लोकांकडून ऐकत आले आहे. जोरदार व्यायामानंतर वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे त्या ॲसिडचं रक्तातलं रूप, साधारण तासाभरात आपोआप पूर्ववत होतं; त्याला माझ्या हातांची गरज नसते. काळजीनं आखडलेल्या मानेशी तर त्याचा काही संबंधच नाही. तिथे होतं असं की घाई, भीती, राग आला की मेंदू काही स्नायूंना आवळून धरायला लावतो. खांदे वर चढतात, जबडा मिटतो, श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो. प्रसंग संपतो, पण रोज नवा प्रसंग येत राहिला तर तो आदेश मागे घेतलाच जात नाही. मग काही दिवसांनी आपण आवळून धरलंय हे त्या माणसाला जाणवणंही बंद होतं. हातानं करायचं काम इथलं आहे: त्याला ते जाणवून द्यायचं, आणि सोडलं तरी चालेल इतकं निर्धास्त वाटू द्यायचं.

पहिली पाच मिनिटं

माणसाला उताणं झोपवा. डोक्याखाली पातळ उशी, गुडघ्यांखाली जाड उशी. कंबर जमिनीला टेकायला त्यानं मदत होते. हात गार असतील तर एकमेकांवर चोळून ऊबदार करा. कुठे हात लावू आणि कुठे नको, हे आधी विचारा, आणि "थांब म्हटलं की मी थांबेन" हे मोठ्यानं सांगा. नवरा-बायकोतही सांगा. पुढे काय होणार हे माहीत असलेलं शरीर लवकर सैल पडतं.

आता एक हात मनगटाखाली आणि एक कोपराखाली धरून त्याचा दंड हळूच वर उचला. साठ किलोच्या माणसाचा अख्खा हात साधारण तीन किलोचा असतो. तेवढं वजन तुमच्या हातात आलं का? ताणात असलेल्या माणसाचा हात बहुधा पिसासारखा हलका लागतो, कारण तो स्वतःच उचलून तुम्हाला मदत करत असतो. तुम्ही आपले हात किंचित खाली नेलेत तर त्याचा हात हवेत तसाच राहतो. त्याला तो दाखवा. बरेच जण हसतात, कारण आपण सैल सोडलंय याची त्यांना पक्की खात्री असते.

"सैल सोड" असं मात्र म्हणू नका. त्यानं कुणीही सैल सोडत नाही. त्याऐवजी त्याला पाच सेकंद मूठ घट्ट आवळून दंड ताठ करायला सांगा आणि मग सोडायला सांगा. एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आखलेल्या पद्धतीचा हाच गाभा: आधी ताण ओळखायला शिकायचं, मग सोडायला. दोन-तीन वेळा असं केलं की हात जड होऊ लागतो. यापुढचं सगळं काम या जडपणाच्या मागे जायचं आहे. जिथे वजन येतं तिथे पुढे जा, जिथे येत नाही तिथे थांबा.

वेग

घरी मालीश करताना लोक फार घाई करतात. आपल्या केसाळ त्वचेत, म्हणजे दंड, पाठ, मांडी अशा ठिकाणी, मंद स्पर्शालाच प्रतिसाद देणाऱ्या बारीक मज्जातंतूंचं एक वेगळं जाळं असतं. साधारण सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या वेगानं फिरणाऱ्या ऊबदार हाताला ते सर्वांत जास्त प्रतिसाद देतात, आणि असा स्पर्श माणसांना सुखाचाही वाटतो. स्वीडनमधल्या होकान ओलाउसन आणि सहकाऱ्यांनी हे बरंच उलगडलं आहे. व्यवहारात याचा अर्थ असा की मनगटापासून कोपरापर्यंत जायला सात-आठ सेकंद लागले पाहिजेत, मानेपासून कमरेपर्यंत पंधरा. घड्याळ समोर ठेवून एकदा करून बघा. आपण किती धावतो ते कळेल.

तेल थोडंच घ्या. फार तेल लावलं की हात घसरतो आणि खालचं काही कळत नाही.

खांदा

आता 'इथे' येऊ. त्याला कुशीवर वळवा, वरच्या हाताखाली उशी द्या. एक तळवा खांद्याच्या पुढून आणि एक मागून, पाठीवरच्या पात्यावर, असा खांदा दोन हातांत धरा आणि नुसता थांबा. पाच-सहा श्वास जाऊ द्या. मग अख्खा खांदाच उचलून कानाकडे न्या. हो, ज्या दिशेनं तो आधीच आखडलाय त्याच दिशेनं. ताणलेल्या स्नायूचं काम थोडा वेळ तुम्ही स्वतःवर घेतलंत की त्याला सोडायला वाव मिळतो. अर्धा-एक मिनिट असं धरून ठेवा, मग श्वास सोडताना हळूहळू खाली आणा. बहुतेक वेळा खांदा आधी होता त्याच्या खाली जाऊन बसतो.

यानंतर दाब, आणि तोही बोटांच्या टोकांनी नव्हे. फुगीर भाग अंगठा आणि चार बोटांच्या मधे घ्या आणि सावकाश चेपा. एखादी जागा नेमकी दुखरी निघते. जॅनेट ट्रॅव्हेल या डॉक्टरांनी अशा जागांचे नकाशेच तयार केले. या स्नायूतली दुखरी जागा दाबली तर कळ मानेवरून कानशिलापर्यंत जाऊ शकते, हे त्यातलंच. या 'गाठी' म्हणजे नेमकं काय, यावर अजून वाद आहेत. तो वाद बाजूला ठेवा आणि दुखणं शून्य ते दहा अशा मापात विचारा. पाचापर्यंत ठीक, सहा म्हणाला की दाब कमी करा. तिथेच अर्धा ते दीड मिनिट स्थिर राहा. दाब न बदलता आकडा खाली आला तर तुमचं काम झालं. नाही आला तर तिथे कुस्ती खेळू नका, पुढे चला.

डोकं आणि जबडा

माझ्या मते सगळ्यात जास्त ताण इथेच सुटतो, आणि घरी मालीश करणारे नेमकं हेच वगळतात.

माणूस उताणा, तुम्ही त्याच्या डोक्याच्या मागे बसलेले. कोपरं टेकवा, नाहीतर तुमचेच खांदे वर चढतील. दोन्ही तळव्यांत डोकं घ्या. कवटी जिथे संपते आणि मान सुरू होते त्या खाचेत बोटांची टोकं वर वळलेली ठेवा. दाबायचं काही नाही. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं, ते स्वतःच तुमच्या बोटांवर दाब देईल. सुरुवातीला सगळं वजन येणार नाही. पापण्या फडफडतील, तो मधेच काहीतरी बोलेल. दोन-तीन मिनिटं धीर धरलात तर एका क्षणी डोकं खरंच जड होतं, बरेचदा त्याच वेळी एक लांब उसासा येतो किंवा पोटात गुरगुर ऐकू येते. ती गुरगुर मला फार आवडते. पचनाचं काम पुन्हा सुरू होण्याइतकं शरीर निवांत झाल्याची ती खूण मानते. मान ओढणं, वळवणं, कडकन वाजवणं यातलं काहीही करू नका. मानेच्या पुढच्या बाजूला तर हातच नको. तिथे मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात.

जबड्यासाठी त्याला दात एकमेकांवर दाबायला सांगा. गालावर कानाच्या पुढे जो स्नायू टणक होऊन वर येतो, तो तुमचा. मग दात सोडून, तीन बोटं सपाट ठेवून, गालाच्या हाडापासून खाली जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत अगदी सावकाश उतरा. तोंड आपोआप थोडं उघडलं तर उघडू द्या. निवांत असताना ओठ मिटलेले आणि दात दोन-चार मिलिमीटर सुटे असायला हवेत. दिवसभर दात टेकवून बसणाऱ्यांना हे सांगितलं की खरं वाटत नाही.

पायांकडे फार वेळ घालवू नका, शेवटी दोन्ही तळवे काही मिनिटं नुसते धरलेत तरी पुरे. बरगड्यांच्या दोन्ही बाजूंना हात ठेवून "माझे हात श्वासानं बाजूला सरकव" एवढं सांगितलंत तर त्याचा जास्त उपयोग होतो.

रडू आलं तर

येतं कधीकधी, आणि बहुतेकदा कशाचं ते त्या माणसालाही सांगता येत नाही. हात हलवायचे थांबवा, पण एकदम काढून घेऊ नका. "थांबू की राहू?" एवढंच विचारा. कमरेच्या सांध्यात बालपणीचं दुःख असतं, अमुक गाठीत राग असतो, असली भाष्यं करू नका. ती खरी ठरवायला काही आधार नाही, आणि त्या क्षणी माणूस काहीही मान्य करून बसतो. पूर्वी मोठा आघात झालेल्यांना स्पर्शानं जुन्या आठवणी अंगावर येऊ शकतात. त्यांच्यासाठी मानसोपचाराची जोड हवीच, घरचा प्रयोग नको.

कधी हात लावायचा नाही

ताप, त्वचेचा संसर्ग, ताजी इजा, मोडलेलं हाड. एकाच पायाची पोटरी सुजलेली, लाल आणि गरम असेल तर अजिबात चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, लगेच डॉक्टर गाठा. रक्त पातळ करणारी औषधं, गरोदरपण, कर्करोगावरचे उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. हाताला मुंग्या येऊन पकड सैल होणं, लघवीवरचा ताबा जाणं, छातीतून जबड्याकडे किंवा दंडाकडे जाणारी कळ, यांना 'ताण' म्हणून मालीश करत बसू नका.

थेरपिस्ट निवडताना मी एकच गोष्ट बघते: पहिल्या भेटीत तो आधी किती विचारतो. आजार, औषधं, जुनी इजा न विचारता जो थेट कोपर रोवतो, त्याच्याकडून मी उठून निघून येईन, पैसे दिलेले असले तरी.

संपल्यावर माणसाला कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठू द्या. एकदम उठला तर चक्कर येते. दुसऱ्या दिवशी थोडा ठणका असला तर चालतो, दोन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर दाब जास्त झाला होता, पुढच्या वेळी निम्मा करा. आणि आठवड्यातून एकदा तासभर करण्यापेक्षा एक दिवसाआड दहा मिनिटं नुसतं डोकं धरलंत तरी चालेल.