दिवाळीत पुस्तकाचं दुकान तगवायचं कसं (सोलापूरकरांसाठी)

आधी कबूल करून टाकतो. तीन-चार वर्षं मी नवी पेठेच्या मागच्या बाजूला असलेल्या पुस्तकाच्या दुकानात जायचो, अर्धा तास पुस्तकं चाळायचो, आवडलेल्याच्या कव्हरचा गुपचूप फोटो काढायचो आणि घरी येऊन मोबाईलवरून मागवायचो, साठ-सत्तर रुपये वाचायचे. दुकानदार काकांना कळत नसेल असं मला वाटायचं. एकदा ते स्वतःच म्हणले, "फोटो नीट आलाय का बघा, इकडं लाईट कमी हाय." रागानं नाही हां, खरंच काळजीनं म्हणले. मग काय, तिथंच ते पुस्तक विकत घेतलं आणि खाली मान घालून घरी आलो.

त्यानंतर आली २०२५ ची दिवाळी. सप्टेंबरात सीना नदीला पूर आला, करमाळा, माढा, मोहोळकडच्या गावांत पाणी शिरलं, उभी पिकं गेली. दिवाळीच्या बाजाराला गावाकडनं येणारं माणूस कपडे, पणत्या, फटाके घेतं आणि जाता जाता पोरांसाठी दोन गोष्टीची पुस्तकं नि एखादा दिवाळी अंक घेतं, ते गिऱ्हाईक त्या वर्षी फिरकलंच नाही. शहरातली मंडळी माझ्यासारखी, फोटो काढून जाणारी. धनत्रयोदशीला मी गेलो तर अंकांचे गठ्ठे सुतळीसकट तसेच पडलेले. तेव्हापासून मी आणि आमच्या जुळे सोलापूरच्या कॉलनीतल्या काही जणांनी जे जे करून बघितलं ते सांगतो, चुकलेलं पण सांगतो.

सुरुवातीला दुकानाचं गणित समजून घ्या, नाहीतर मदत म्हणून भलतंच काहीतरी करून बसाल. समजा पुस्तकाची किंमत ३०० रुपये आहे आणि दुकानदाराला त्यावर तिसरा हिस्सा कमिशन सुटतं, म्हणजे १०० रुपये. त्यातनं पुण्याहून पार्सल आणायचं भाडं, दुकानाचं भाडं, लाईट बिल, पोऱ्याचा पगार. आता तुम्ही सहज म्हणता, "काका, दहा टक्के तरी सोडा की." ते ३० रुपये ३०० मधनं जात नाहीत, त्या १०० मधनं जातात. सगळा खर्च भागवून जे काय हातात राहणार होतं तेच तुम्ही मागायलात. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, त्यामुळं किमतीत टॅक्स धरलाय, तो कमी करा, असंही म्हणता येत नाही. म्हणून पहिला नियम, छापील किमतीला घ्यायचं. काकांनी आपणहून सोडले तर घ्या, तोंड उघडून मागू नका. साडीच्या दुकानात घासाघीस करायची हौस भागवून घ्या, तिथं मार्जिन असतंय.

दुसरी गोष्ट मला लई उशिरा कळली, ती म्हणजे पैसा किती येतो ह्यापेक्षा कधी येतो ह्यावर दुकान चालतंय. दिवाळी अंक दसऱ्यापासून यायला लागतात, काही तर दिवाळी झाल्यावर उगवतात. काही अंक न खपलेले परत घेतात, काही घेत नाहीत. आणि तुळशीचं लग्न झालं की अंकाला कोण विचारत नाही, मग निम्म्या किमतीत नाहीतर रद्दीत. म्हणजे दुकानदारानं नवरात्रातच अंदाज बांधून पैसे अडकवायचे आणि गिऱ्हाईकानं नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी येऊन "अमका अंक आहे का" विचारायचं. नसला की तोंड वाकडं करून निघून जायचं. ह्या अंदाजात एखादी दिवाळी चुकली तर वर्षभर उधारी फेडत बसावं लागतं.

म्हणून आम्ही काय केलं, घटस्थापनेलाच यादी दिली. कुठले अंक, किती प्रती, आणि पूर्ण पैसे आगाऊ. काका आधी घ्यायला तयारच नव्हते, "अंक आला नाही तर?" म्हणले. आम्ही म्हणलं, नाही आला तर तेवढ्याचं पुस्तक घेऊ, पैसे परत नको. हे वाक्य लक्षात ठेवा, तुम्ही पण असंच म्हणा, नाहीतर आगाऊ पैशाचं त्यांना टेन्शनच जास्त येतं.

एकट्यानं दहा अंक घेणं परवडत नाही हे खरंय, आता बरेच अंक २०० ते ४०० च्या घरात गेलेत. त्यावर उपाय भिशीसारखा. आमची आठ घरं. प्रत्येकानं दोन-दोन अंक घ्यायचे, पण वेगवेगळे, म्हणजे सोळा अंक झाले. सरासरी २५० धरले तर ४००० रुपये एकदम दुकानात, ते पण नवरात्रात, आणि प्रत्येक घराला ५०० मध्ये सोळा अंक वाचायला. कोण म्हणेल की असं फिरवून वाचलं तर दुकानाचं नुकसानच की. आमच्या आठातल्या पाच घरांत आधी एकही अंक येत नव्हता, त्यामुळं मला तरी तसं वाटत नाही. नियम मात्र कडक ठेवा. अंकाच्या आतल्या पानावर घराचा नंबर लिहायचा, एक अंक एका घरात दहा दिवस, अकराव्या दिवशी शेजारी द्यायचा, ग्रुपवर टाकायचं. एक माणूस असा असतोच की ज्याच्याकडं गेलेला अंक चैत्रापर्यंत परत येत नाही, त्याचं घर यादीत शेवटी ठेवा. आणि ज्या घरात दोन-तीन वर्षांचं पोरगं आहे तिथं अंक टेबलावर ठेवू नका म्हणून सांगा, आमच्या एका अंकातल्या सगळ्या व्यंगचित्रांना निळ्या स्केचपेननं मिशा आल्यात.

(जाता जाता, ही दिवाळी अंकाची भानगड १९०९ सालची. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. शंभर वर्षांच्या वर झाली आणि आपण अजून फराळाचं ताट पुढं घेऊन तेच करायलोय, मला हे लई भारी वाटतं.)

आता दुकानात नसलेलं पुस्तक. छोट्या दुकानात सगळं नसतं, म्हणून लगेच मोबाईल काढू नका. पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर बारकोडजवळ तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर असतो, तो व्हॉट्सअपवर पाठवा, सोबत प्रकाशनाचं नाव. नुसतं "ते निळ्या कव्हरचं, त्या बाईंनी लिहिलेलं" असं सांगू नका, काका ओळखतात म्हणा कधीकधी, पण त्यात त्यांचा अर्धा दिवस जातो. एका पुस्तकासाठी पार्सल मागवलं तर भाड्यातच कमिशन संपतं, म्हणून आम्ही महिन्यातनं एकदा सगळ्यांची यादी एकत्र करून देतो. आठ-दहा दिवस लागतात. लागू देत की, घरात न वाचलेली वीस पुस्तकं पडलेली असताना उद्याच पाहिजे म्हणून कशाला अडून बसायचं. आणि मागवलेलं पुस्तक न्यायला या!! हे मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे खरं. काकांच्या टेबलामागं एक कप्पाच आहे, लोकांनी मागवून न नेलेल्या पुस्तकांचा. त्यातली बरीचशी अशी असतात की दुसरं कोण घेणार नाही.

भेटीसाठी चिठ्ठी करून घ्या. आमच्या दुकानात गिफ्ट कार्ड वगैरे असलं काय नव्हतं, मग आम्हीच सुचवलं, लेटरहेडवर लिहायचं की ह्या चिठ्ठीवर ५०० रुपयांची पुस्तकं मिळतील, नंबर, शिक्का, सही, आणि मुदत पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत. भाऊबीजेला बहिणीला पाकिटात दिली, भाच्यांना दिली. एका ओळखीच्याचा टॉवेलचा कारखाना आहे, त्यानं ऑफिसमधल्या बारा जणांना ड्रायफ्रूटच्या बॉक्सऐवजी शेंगा चटणीचं पाकीट आणि ही चिठ्ठी दिली, लोकांना आवडली. ह्यात मजा अशी की पैसे दिवाळीत येतात, जेव्हा पुरवठादारांचे द्यायचे असतात, आणि पुस्तकं जातात जानेवारी-फेब्रुवारीत, दुकान ओस पडलेलं असताना. पण नीट ध्यानात घ्या, चिठ्ठी म्हणजे दुकानावरचं कर्ज आहे. सगळ्यांनी एकाच आठवड्यात वटवायला जाऊ नका आणि काकांना एक वही घालायला सांगा, कुठला नंबर वटला कुठला नाही. पहिल्या वर्षी वही नव्हती, एक चिठ्ठी दोनदा वटली. कुणी केलं ते कळलंय आम्हाला, जाऊ दे.

सोलापुरात नुसत्या मराठीवर भागत नाही हे वेगळं सांगायला नको. शहराच्या पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोटकडच्या लोकांत कन्नड, शिवाय उर्दू. माझ्या मित्राची आजी तेलुगूच वाचते आणि नातू मराठी शाळेत. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची चित्रांची पुस्तकं वेगवेगळ्या भारतीय भाषांत असतात आणि स्वस्त असतात. तेच एक पुस्तक मराठीत नातवाला आणि तेलुगूत आजीला असं मागवलं, आता दोघं रात्री समोरासमोर बसून वाचतात म्हणे. अशी मागणी गिऱ्हाईकानं केल्याशिवाय दुकानदार माल भरत नाही, त्यामुळं विचारा, आणि विचारलं की घ्या.

बाहेरगावच्या नातेवाईकांना पाठवायचं असेल तर दुकानातनंच पाठवायला लावा. १ मे २०२५ पासून पोस्टाची ज्ञान पोस्ट म्हणून सेवा आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर टॅक्स, ट्रॅकिंग पण मिळतं. रस्त्यानं जातं त्यामुळं दिवाळीच्या आधी पोचवायचं असेल तर दसऱ्यालाच टाका. एक मेख आहे, ही पुस्तकांसाठी आहे, ठराविक काळानं निघणारी आणि जाहिराती असलेली प्रकाशनं ह्यात चालत नाहीत, म्हणजे आपला दिवाळी अंक बाद, तो साध्या दरानं नाहीतर कुरिअरनं पाठवावा लागतो.

पैसे देताना यूपीआय किंवा रोख. बँक खात्यातनं यूपीआय केलं तर दुकानदाराचं काय कापलं जात नाही, क्रेडिट कार्डावर मात्र टक्का-दोन टक्के जातात, आणि ते परत त्याच १०० मधनं. आणि ज्यांचं दुकानात खातं आहे त्यांनी दिवाळीआधी जुनी बाकी चुकती करा. काका मागणार नाहीत, त्यांना लाज वाटते मागायला. मीच जाऊन विचारलं तर माझी १,१४० निघाली, मला वाटत होतं तीनशे असेल.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. २०२५ ला ते बंद गठ्ठे बघून मला भरून आलं आणि मी स्टेटसला, चार ग्रुपवर टाकलं की आपलं दुकान बुडायलंय, वाचवा. लोकांनी हात जोडलेले इमोजी टाकले, तिघं जण आले, त्यातल्या दोघांनी सेल्फी काढले. आणि तिसऱ्या दिवशी एका पुरवठादाराचा काकांना फोन, ह्यापुढं माल रोखीनं. कुणीतरी त्याला माझी पोस्ट पाठवली होती. धंद्यात उधारी पत बघून मिळते आणि ती पत मीच घालवली. काका मला काहीच बोलले नाहीत, चहा सांगितला. तर असली पोस्ट कृपा करून टाकू नका. टाकायचंच असेल तर दुकानात आज काय आलंय ते टाका, पुस्तकाचा फोटो, किंमत, दुकानाचा पत्ता. बास.

त्यापेक्षा गुगल मॅपवर दुकानाची वेळ बरोबर आहे का बघा. आमच्याकडच्या दुकानाचं तिथं 'कायमचं बंद' दाखवत होतं, कुणी कधी केलं देव जाणे, आम्ही दुरुस्ती पाठवली, आता काकांच्या पोरीनं प्रोफाईल ताब्यात घेतलंय. रिव्ह्यू लिहिताना "छान दुकान" असं लिहून कुणाला काय कळणार? लिहा की स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मिळतात, बालसाहित्याचा वेगळा कप्पा आहे, गाडी लावायला अमुक ठिकाणी जागा मिळते. नवी पेठेत दिवाळीत गाडी लावायची जागा सांगणं ही पण समाजसेवाच आहे.

तुमची शाळेत, वाचनालयात ओळख असेल तर तिथं पण शब्द टाका. जानेवारीत गॅदरिंग असतात, बक्षिसाला पुस्तकं लागतात, ती ऑर्डर नोव्हेंबरातच ह्या दुकानाला मिळाली तर दिवाळीनंतरचा खड्डा भरतो. फक्त बिल वेळेवर निघेल का ते आधी विचारा, कारण सहा महिन्यांनी येणाऱ्या चेकची ऑर्डर छोट्या दुकानाला उलट बुडवते. मी एकदा अशीच एक ऑर्डर मोठ्या उत्साहानं मिळवून दिली होती, त्याचा चेक पावसाळ्यात आला.

ह्या वर्षीची यादी आम्ही पितृपंधरवडा संपला की काढणार आहोत. कॉलनीत तिसरी गल्ली पण यायचं म्हणायलीय, म्हणजे घरं चौदा होतील. तुम्ही तुमच्या भागातलं दुकान धरा, आमच्याच काकांकडं यायचं असलं तर दुपारी दोन ते साडेचार येऊ नका, शटर अर्धं खाली असतंय आणि काका आत झोपलेले असतात.