खेळणारे कोट्यवधी, बघणारे मोजके: स्ट्रीमसाठी गेम निवडताना

नवीन स्ट्रीमर (गेम खेळताना तो लोकांना लाइव्ह दाखवणारे) बहुतेक वेळा डाउनलोडचा आकडा बघून गेम निवडतात आणि तिथेच गणित फसतं. लुडो किंगचंच बघा. नवी मुंबईच्या कंपनीने 2016 मध्ये आणलेला हा गेम 2020 च्या टाळेबंदीत घराघरात पोहोचला. पण बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेमच्या लाइव्हवर जमते तशी गर्दी लुडोच्या लाइव्हवर जमत नाही. गेम चांगला की वाईट याच्याशी याचा संबंध नाही. खेळायला मजा येणं आणि दुसऱ्याला खेळताना बघायला मजा येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लुडोत सहा पडला तर सोंगटी बाहेर येते, नाही पडला तर येत नाही. खेळणाऱ्याची धडधड खरी असते, कारण सोंगटी त्याची असते. बघणाऱ्याची सोंगटी पटावर नसते, आणि फासा टाकण्यातून शिकण्यासारखं कौशल्यही नसतं. शिवाय असे गेम लोकलमध्ये किंवा जेवणाच्या सुट्टीत, दहा मिनिटं मिळाली की खेळले जातात. फोन एकच असतो, त्यामुळे त्या दहा मिनिटांत माणूस खेळतो किंवा बघतो. कॉम्प्युटरवर दुसऱ्या स्क्रीनवर स्ट्रीम चालू ठेवणारा प्रेक्षक इथे मिळत नाही.

पत्त्यांच्या गेममध्ये अडचण वेगळी. हातातले पत्ते दाखवले तर प्रतिस्पर्धी स्ट्रीम उघडून तेच बघतो. झाकले तर प्रेक्षकाला खेळच कळत नाही. ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये स्ट्रीम डिले लावता येतो, म्हणजे स्ट्रीम थोडी उशिरा दाखवता येते, पण 2 मिनिटांचा डिले लावला की चॅटमधल्या प्रश्नाला उत्तरही किमान 2 मिनिटं उशिरा पोहोचतं आणि गप्पा मरतात. (पैसे लावून खेळायच्या रमी-लुडोपासून लांबच राहा. 2025 च्या केंद्रीय कायद्याने अशा गेमवर आणि त्यांच्या जाहिरातींवरही बंदी आहे.) लपलेली माहिती नेहमीच मारक असते असं मात्र नाही. अमंग अस हा खेळाडूंमधला छुपा दगाबाज (इम्पोस्टर) ओळखायचा गेम 2018 मध्ये आला, फारसा कुणाच्या नजरेत भरला नाही, आणि 2020 मध्ये स्ट्रीममुळेच जगभर पोहोचला. त्यात स्ट्रीमर इम्पोस्टर असला की ते गुपित प्रेक्षकाला माहीत असतं आणि बाकीच्या खेळाडूंना नसतं. सगळी गंमत त्या फरकात आहे.

सगळ्यात जास्त गेम अडतात ते पडद्यावर काय चाललंय हेच न कळल्यामुळे. ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या जहाजांच्या गेममध्ये जानेवारी 2014 मध्ये बी-आर5आरबी नावाच्या ताऱ्यापाशी हजारो खेळाडूंची लढाई सुमारे 21 तास चालली. एवढी गर्दी झाली की हा गेम स्वतःचा वेग उतरवत उतरवत 10 टक्क्यांवर आणतो, म्हणजे गेममधल्या एका सेकंदाला खरे दहा सेकंद लागतात. पडद्यावर जहाजांच्या नावांची यादी, लहान चौकोन आणि सावकाश सरकणारे आकडे. आत असलेल्यासाठी ते महायुद्ध असतं. बाहेरच्याला तक्ता दिसतो. मोठ्या एमएमओ (एकाच जगात असंख्य जण ऑनलाइन खेळतात अशा) गेममधल्या रेडचंही, म्हणजे अनेकांनी मिळून बड्या शत्रूवर (बॉसवर) केलेल्या हल्ल्याचंही तेच. 6 इंची फोनवर 20 जणांच्या हेल्थ बार आणि कूलडाउनचे (शक्ती पुन्हा वापरता येईपर्यंतच्या वेळेचे) आकडे वाचताच येत नाहीत.

रोब्लॉक्स या गेमचा बराचसा प्रेक्षक लहान वयाचा आहे, आणि त्याला लाइव्हपेक्षा कापून जोडलेला छोटा व्हिडिओ आवडतो. यूट्यूबवर स्ट्रीम ‘मुलांसाठी’ म्हणून नोंदवावी लागली, तर लाइव्ह चॅट आणि सुपर चॅट (पैसे देऊन पाठवायचा मेसेज) दोन्ही बंद होतात. चॅट नसेल तर लाइव्ह करण्याचं कारणच उरत नाही.

आता निवडीकडे. ट्विच या स्ट्रीमिंग साइटवर गेमच्या पानावरचे एकूण प्रेक्षक बघून थांबू नका. समजा 40,000 प्रेक्षक आहेत, त्यातले 34,000 वरच्या पाच चॅनेलवर आणि उरलेले 6,000 बाकीच्या 1,500 चॅनेलवर. म्हणजे नवख्याच्या वाट्याला सरासरी चार जण, आणि यादीत जास्त प्रेक्षकांचे चॅनेल सहसा वर असल्याने तळाशी तेही पोहोचत नाहीत. ही नोंद एकदाच नको. आठवडाभर, तुम्ही ज्या वेळी स्ट्रीम करणार त्याच वेळी घ्या. ड्रॉप्स (स्ट्रीम बघण्याबद्दल मिळणारी बक्षिसं) चालू असतील तो आठवडा सोडून द्या, कारण गेममधली वस्तू मिळवण्यासाठी स्ट्रीम म्यूट करून ठेवणारे त्या आकड्यात मिसळलेले असतात.

मग 10 मिनिटांचा खेळ 720पी मध्ये रेकॉर्ड करा आणि तो गेम न खेळणाऱ्या माणसाला फोनवर, आवाज बंद करून दाखवा. मध्येच तीन-चार ठिकाणी थांबवून विचारा: कोण जिंकतंय? आत्ता धोका कशाचा आहे? निम्म्या वेळा उत्तर आलं नाही तर तो गेम नुसता लाइव्ह लावून चालणार नाही. सोबत घड्याळ लावून लॉबी (मॅच सुरू होईपर्यंत थांबायची जागा), मॅचमेकिंग (प्रतिस्पर्धी शोधणं), लोडिंग आणि मेनूमधला वेळ मोजा. तासातली 20 मिनिटं त्यातच जात असतील तर प्रेक्षक तिथेच गळतील.

तरीही तोच गेम आवडत असेल तर सोडू नका, मांडणी बदला. लुडोत प्रायव्हेट रूम उघडून तीन प्रेक्षकांना पटावर घ्या. आता चॅटमधल्यांची सोंगटी पटावर आली. मोठ्या लढाया लाइव्ह न दाखवता रेकॉर्ड करा आणि 12-15 मिनिटांत समजावून सांगा. एमएमओमध्ये इंटरफेस स्केल (पडद्यावरच्या अक्षरांचा आणि बटणांचा आकार) वाढवा, नको ते अॅडऑन (गेमला वरून जोडलेले प्रोग्राम) बंद करा, आणि कोपऱ्यात एक ओळ कायम ठेवा: ‘बॉस 40%, दोन जण गेले, सातवा प्रयत्न’. ती ओळ हातानेच बदलायची असल्यामुळे ओबीएसमध्ये साधा टेक्स्ट सोर्स पुरतो.

चार स्ट्रीम झाल्या की यूट्यूब स्टुडिओमधला एकाच वेळच्या प्रेक्षकांचा आलेख आणि तुमचं रेकॉर्डिंग शेजारी ठेवा. आलेख लॉबीत पडत असेल तर त्या वेळेसाठी चॅटचे प्रश्न राखून ठेवा. ऐन लढाईत पडत असेल तर अडचण वाचनीयतेची आहे. मग आधी फॉन्ट मोठा करा, गेम बदलण्याचा विचार त्यानंतर.