धंद्याचा सल्ला एआयला विचारताय? मग या चुका टाळा

गेली 22 वर्षं कोल्हापूरच्या शाहूपुरीत बसून छोट्या धंदेवाल्यांचे हिशोब आणि जीएसटी बघतोय. पूर्वी लोक येऊन विचारायचे, "सर, काय करू?" आता मोबाईल पुढं करतात, "सर, चॅटजीपीटीनं सांगितलं तसं केलंय, आता ही नोटीस आलीय तेवढी बघा." एआयवर माझा राग नाही, मी स्वतः रोज वापरतो. राग आहे तो दोन मिनिटांत उत्तर मिळालं म्हणजे काम झालं असं धरणाऱ्यांवर, आणि नवीन पोरांत ही घाई लईच वाढलीय.

अर्धी माहिती देऊन पूर्ण उत्तर घेणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. सुभाषनगरातला एक चप्पल करणारा पोरगा, हात एवढा चांगला की त्याच्या कापशी चपलेची वीण बघत बसावं. त्यानं एआयला विचारलं, जीएसटीत कंपोझिशन, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची कमी कराची योजना, घेऊ का. एआयनं बरोबर सांगितलं, उलाढाल दीड कोटीच्या आत असेल तर चालतंय, कर 1 टक्का, बिलावर गिऱ्हाइकाकडनं कर घ्यायचा नाही आणि राज्याबाहेर माल विकायचा नाही. तुम्ही राज्याबाहेर विकता का, असंही विचारलं होतं, ते चॅट मी स्वतः वाचलंय. पोरानं लिहिलं, "नाही, कोल्हापूर आणि आजूबाजूलाच."

त्या आजूबाजूत निपाणी होती. दर पंधरवड्याला टेंपोत जोड भरून तिथल्या दोन दुकानांत माल जायचा. कागल सोडून दूधगंगा ओलांडली की आलीच निपाणी, तिथं मराठी बोलतात, त्याची मावशी तिथंच दिलेली, त्याच्या मनात निपाणी बाहेरची नव्हतीच, माझ्याही मनात नाही. पण जीएसटीला ती कर्नाटकात आहे. खेप 50 हजारांच्या आतली, त्यामुळं माल नेताना लागणाऱ्या ई-वे बिलाचा विषयही कधी निघाला नाही आणि कुठं अडलंच नाही.

आठ महिन्यांनी आला, तेव्हा बिलबुक चाळताना मला गिऱ्हाइकाच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे दिसले, 29, म्हणजे कर्नाटक. महाराष्ट्राचे 27 असतात. म्हणजे पहिलं निपाणीचं बिल फाडलं त्याच दिवशी कंपोझिशन गेलेलं, तिथनं पुढच्या सगळ्या विक्रीवर पूर्ण दरानं कर, तोही गिऱ्हाइकाकडनं घेतलेला नाही म्हणून स्वतःच्या खिशातनं, वर 18 टक्के व्याज, दंडाची टांगती तलवार वेगळी. त्याची आई समोर बसून बिलबुकाची दुमडलेली पानं बोटानं सरळ करत होती. काही बोलली नाही. मला रात्री झोप लागली नाही.

कोल्हापुरातल्या कुठल्याही जाणत्या माणसानं पहिल्यांदा हेच विचारलं असतं, "निपाणी-बेळगावला माल जातो का?" 'राज्याबाहेर' हा शब्दच त्यानं काढला नसता, कारण त्या शब्दाला इथला माणूस काय उत्तर देणार हे त्याला ठाऊक असतं.

माझी सवय सांगतो. काहीही टाइप करायच्या आधी मागच्या 12 महिन्यांची बिलं काढायची, वहीत गिऱ्हाइकाचं गाव, राज्य, जीएसटी नंबर लिहायचा. अर्धा तास जातो. जाऊ दे.

कायदा बरोबर, पत्र बरोबर, पार्टी गेली

शिरोलीत मशीनिंगचं जॉबवर्क करणारे एक जण, 90 दिवस पैसे अडकलेले. एआयकडनं फक्कड इंग्रजी पत्र घेतलं, लघुउद्योगाचे पैसे द्यायची 45 दिवसांची मुदत, ती उलटली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, सगळी कलमं बरोबर. पाठवलं. पैसे आले पण त्यानंतर एकही नवीन ड्रॉइंग आलं नाही, आणि निम्मं काम त्याच पार्टीचं होतं. मला विचारलं असतं तर म्हटलं असतं, फेब्रुवारीत त्यांच्या अकाउंट्सवाल्याला जाऊन भेट, चहा घे आणि आपण लघुउद्योग असल्याचं उद्यम नोंदणीचं सर्टिफिकेट पुढं ठेव. 2023-24 पासून लघुउद्योगाचे पैसे मुदत उलटून 31 मार्चला बाकी राहिले तर तो खर्च त्यांना त्या वर्षी इन्कम टॅक्सला धरता येत नाही. अकाउंट्सवाला स्वतःच चेक काढून देतो, मी कित्येकदा बघितलंय.

जुना दर छापणं

22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या चपलेच्या जोडीवर जीएसटी 5 टक्के, वर 18. तरी 12 टक्क्याची बिलं अजून दिसतात. दर नेहमी सरकारी नोटिफिकेशनमधनं बघायचा.

नोटिशीला एआयनं लिहिलेलं उत्तर तसंच पाठवणं

न्यूयॉर्कमध्ये 2023 मध्ये वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, कधी झालेच नाहीत असले निकाल कोर्टात दिले आणि 5000 डॉलर दंड भरला. शिकलेल्या वकिलांची ही गत, तर निकालाचं नाव दिसलं की आधी तो खरा आहे का ते शोधा, नाही सापडला तर खोडा.

बँक स्टेटमेंट, पॅन, आधार फुकटच्या अ‍ॅपवर टाकणं

टाकू नका. आकडे विचारायचे तर नावं काढून विचारा.

फी वाचवायला सल्लागार फक्त मार्चमध्ये गाठणं

मार्चमध्ये आम्ही झालेलं मोजतो, बदलायला काही उरलेलं नसतं. त्यापेक्षा तीन महिन्यांतनं एकदा या. एआयला आधी खुशाल विचारा, त्यानं काय सांगितलं त्याचं प्रिंट आणा, ती बिलांची वही आणा, मी पेन घेऊन शेजारी बसतो आणि एकेक ओळ बघतो. फक्त महिन्याच्या 20 तारखेच्या आधीचे चार दिवस सोडून या, तेव्हा जीएसटी रिटर्नची घाई असते आणि मला तुमच्याकडं नीट लक्ष देता येणार नाही.