बायपोलर आणि विसरभोळेपणा: एमआरआयला पळायच्या आधी हे करा

माझ्या भावाला बायपोलर आहे (मूड कधी फार चढतो, कधी फार पडतो तो आजार), मूड कधीचा ठीक होता पण रंकाळ्यावर गाडी कुठं लावली तेच आठवायचं नाही, मग घरात सगळ्यांचं एकच, एमआरआय काढा. थांबा जरा. एमआरआय बघून बायपोलर आहे का नाही हे ठरत नाही, गाठ, स्ट्रोक असलं काही नाही ना एवढं बघायला डॉक्टर तो सांगतात. २०१८ ला एनिग्मा नावाच्या संशोधकांच्या गटाने ६,५०३ लोकांचे स्कॅन तपासले, बायपोलरवाल्यांच्यात मेंदूची बाहेरची साल सरासरीने थोडी पातळ दिसली, लिथियम (बायपोलरची गोळी) घेणाऱ्यांच्यात कमी पातळ. पण ती सरासरी हो, एकट्या माणसाच्या फिल्मवर ते वाचता येत नाही.

मग करायचं काय? दोन आठवडे वहीत लिहा, काय विसरलं, झोप किती झाली, गोळी कधी घेतली. वही सायकियाट्रिस्टला दाखवा आणि लक्ष, स्मरणशक्तीची टेस्ट मागा, मोका म्हणून ३० मार्कांची असते, वेळ दहा मिनिटं (ती नुसती चाळणी, खोलात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट जातात). थायरॉइड, बी१२ ची रक्त तपासणी करायची का तेही विचारा. लिथियम चालू असेल तर रक्तात ते किती आहे हे बघायचं, म्हणजे लेव्हलचं रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी द्यायचं, म्हणजे सकाळची गोळी रक्त दिल्यावर, हे आमचं पहिल्यांदा चुकलं आणि सीपीआर हॉस्पिटलच्या बाजूला परत हेलपाटा.

डोकं जड वाटतंय म्हणून गोळी मनानं बंद करू नका, मूडचा अटॅक परत आला की विसरणं अजून वाढतं. फोनला अलार्म, चावी एकाच खुंटीला. रात्री अपरात्री कुणाशी बोलावं वाटलं तर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे.