नेब्रास्कात मुलांकडे जाताय? मग ही चाकोरी बघून या

फोंड्याच्या आसपास माझ्या ओळखीची चार घरे अशी आहेत, की पोर ओमाहाला नाहीतर लिंकनला नोकरीला. आईबाप तिकडे जातात, तीन महिने मॉल, देऊळ आणि नातवंडांची शाळा करतात आणि परत येऊन सांगतात, "तिथे बघण्यासारखे काही नाही हो, नुसता मका." पहिल्या खेपेला मीही हेच सांगत फिरलो. दुसऱ्या खेपेला सप्टेंबरात जावयाने चार दिवस रजा काढली आणि आम्ही पाचजण गाडीने पार पश्चिमेपर्यंत जाऊन आलो. माझा जन्म जमीन मोजण्यात गेला, त्यामुळे खालच्या मजकुरात मापे जरा जास्त येतील. सांभाळून घ्या.

आधी एक घोळ निस्तरतो. यलोस्टोनसारखे, नुसते 'नॅशनल पार्क' म्हणवणारे नेब्रास्कात एकही नाही. आहेत ती मुख्यतः होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्क, स्कॉट्स ब्लफ आणि अ‍ॅगेट फॉसिल बेड्स ही दोन नॅशनल मॉन्युमेंट्स आणि नायोब्रारा नदी. पहिल्या तिन्ही ठिकाणी प्रवेश फुकट. राज्य सरकारच्या पार्कांना मात्र गाडीमागे परवाना लागतो.

दुसरे, अंतर. नेब्रास्का म्हणजे सुमारे २ लाख चौरस किलोमीटर, त्यात आपले ५४ गोवे बसतील. ओमाहाहून स्कॉट्स ब्लफ साधारण ७२५ किलोमीटर, पणजी-मुंबईपेक्षाही लांब, आणि रस्ता पट्टीने आखल्यासारखा. चालवणाऱ्याला झोप येते. दोघे चालवणारे असतील तरच एका दिवसात गाठा, नाहीतर मध्ये मुक्काम करा.

पण पहिल्याच दिवशी पश्चिमेला पळू नका. आधी लिंकनच्या दक्षिणेला तासाभरावर असलेल्या बिअ‍ॅट्रिसला जा. (जोर 'अ‍ॅ'वर. मी 'बीट्रिस' म्हटल्यावर पेट्रोलपंपावरची बाई हसली होती.) तिथेच होमस्टेड पार्क आहे. १८६२ साली राष्ट्राध्यक्ष लिंकनने सही केलेल्या कायद्याने १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळू लागली: अर्जाची फी भरा, घर बांधा, जमीन कसा, पाच वर्षे राहा, साक्षीदार आणा, झाली तुमच्या नावावर. एकट्या बाईलाही अर्ज करता येत असे. १६० एकर म्हणजे अर्धा मैल लांब, अर्धा मैल रुंद चौकोन. आपल्या हिशेबात जवळजवळ साडेसहा लाख चौरस मीटर! एक-चौदाच्या (गोव्यातला सात-बारा) उताऱ्यावर पन्नास मीटरसाठी भावाभावांना भांडताना बघितलेला मी त्या नकाशापुढे बराच वेळ उभा होतो. आपल्याकडे कूळकायदा आला तो कसणाऱ्याच्या नावावर जमीन करायला. तिथे आधी राहणाऱ्या ओटो-मिसुरिया, पॉनी, लाकोटा लोकांना हलवून ती 'मोकळी' केलेली होती. ती बाजूही तिथे मांडलेली आहे, न वाचता पुढे जाऊ नका.

इमारतीचे छप्पर नांगरासारखे वर गेलेले आहे. बाहेर १८६७ चे लाकडी खोपट आहे, १४ बाय १६ फूट. आमच्या मंडळींनी आत पाऊल टाकताच विचारले, "चूल कुठे, आणि पाहुणा आला की झोपायचा कुठे?" मागे प्रेअरीचे गवत आहे. सप्टेंबरात ते माझ्या डोक्यावरून जात होते. पायवाट सोडू नका, पायमोजे पँटवर ओढा आणि घरी आल्यावर गोचिडी तपासा. मे-जूनमध्ये तर नक्कीच.

मग पश्चिमेला. बहुतेक रस्ता प्लॅट नदीच्या काठाने जातो. तीच ओरेगॉन ट्रेल, म्हणजे पश्चिमेला वस्तीला निघालेल्यांच्या बैलगाड्यांची वाट. १८४१ ते १८६९ या काळात साडेतीन लाखांच्या आसपास माणसे या बाजूने गेली. दिवसाला पंधरा मैल, आणि तेही पायी, गाडीत सामान. आपल्या घाटातून मिठाचे बैल चढवणाऱ्या लमाणांची आठवण होते.

ओगलालाच्या अलीकडे घड्याळ एक तास मागे करा. मनगटी घड्याळावर विश्वासलेला मी सगळ्यांना पहाटे उठवले आणि चिमणी रॉक या धुराड्यासारख्या सुळक्याच्या संग्रहालयाला तासभर आधीच नेऊन पोचवले. बंद दारापुढे, गाडीत बसून बेसनाचे लाडू खाल्ले. वारा असा, की दार उघडताच जावयाची टोपी गेली ती गेलीच. हा सुळका पायथ्यापासून टोकापर्यंत जवळजवळ तीनशे फूट. दुरूनच बघा, दुर्बीण न्या. जवळ जायला आखलेली वाट नाही आणि गवतात रॅटलस्नेक असतात. त्याच्या शेपटीचा आवाज मी ऐकला नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

स्कॉट्स ब्लफ हा उंच कडा, त्याला पूर्ण अर्धा दिवस द्या. वर गाडीचा रस्ता जातो, त्यात तीन बोगदे आहेत; कधीकधी दुरुस्तीसाठी बंद असतो, आदल्या दिवशी चौकशी करा. गुडघे ठीक असतील तर गाडीने वर जा आणि सॅडल रॉकच्या वाटेने उतरा, १.६ मैल. आम्ही दोघे म्हातारे गाडीतच राहिलो. पण खाली मिचेल पासला मी चाललो, आणि खरे बघायचे ते तिथेच, ती बैलगाड्यांची चाकोरी. खिंड अरुंद, म्हणून बैलगाड्या एकामागे एक. वर्षानुवर्षे चाके आणि खूर एकाच जागी पडून जमीन खचली, पाऊसपाण्याने आणखी खोल गेली. समांतर दोन रेघा शोधाल तर फसाल. तो गवताने भरलेला रुंद, उथळ चर आहे. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, तिरप्या उन्हात त्याच्या कडेची सावली पडते. दुपारी बाराला काहीच दिसत नाही.

वेळ उरला तर अ‍ॅगेट. प्राचीन बीव्हरांची मळसूत्रासारखी बिळे दगडात राहिली आहेत. वाटेत पंप नाही, मिचेल गावात टाकी भरून घ्या.

एक जागा मात्र चुकवू नका. स्कॉट्सब्लफ शहराच्या पूर्वेला, रेल्वेरुळाजवळ रिबेका विंटर्सची कबर आहे. १८५२ साली या वाटेवर ती कॉलऱ्याने गेली. दगड मिळेना, तेव्हा एका सोबत्याने गाडीच्या चाकाची लोखंडी धाव वाकवून त्यावर छिन्नीने नाव आणि वय कोरले: ५०. पुढे रेल्वेची मोजणी करणाऱ्यांना ती धाव दिसली आणि सांगतात, की त्यांनी रूळ सरकवून घेतले. मोजणीदाराने आखलेली रेघ सरकवणे किती जिवावर येते ते मला विचारा. अलीकडे, १९९५ मध्ये, कबर रुळांपासून आणखी थोडी दूर नेली. आम्ही उभे असतानाच कोळशाची मालगाडी आली. नातू डबे मोजत होता, १०८ पर्यंत मोजले आणि मग त्याचा आकडा चुकला.